रिनोव्हेशननंतरची धूळ जातच नाही, मदत हवी आहे

गोदाकाठ_नांदेड: काम संपून चार दिवस झाले. रोज दोनदा झाडून-पुसून घ्यायलोय, तरी सकाळी फरशीवर परत पांढरा थर. रविवारी बिऱ्हाड आणायचंय. काय वापरावं? लवकर सांगा.

लातूर_पॅटर्न: काम कशाचं ते तर सांगा. पुट्टी घासली, वायरसाठी भिंत कापून झिऱ्या मारल्या का टाइल्स कापल्या? फरशी कोणती?

गोदाकाठ_नांदेड: हॉलला पीओपी, वायरिंगच्या झिऱ्या. फरशी जुनीच.

लातूर_पॅटर्न: "जुनीच" म्हणजे शहाबादी का मोझॅक? असो. आधी फडा बंद करा. कोरडं झाडलं की बारीक धूळ तासन्‌तास हवेत राहते अन् रात्रीतून खाली बसते. तुमचा सकाळचा थर तोच. ओल्या फडक्यानं वरून खाली या: पीओपीचे खाचे, पंखा, चौकटींची वरची कड, खिडकीचे ट्रॅक, शेवटी फरशी. पंख्याच्या पात्यावर उशीची जुनी ओली खोळ चढवून ओढून घ्या, भुकटी आतच राहते. बादल्या दोन. एकीत फडकं खळबळायचं, दुसरीत स्वच्छ पाणी. पाणी दुधाळ झालं की बदला, नाहीतर तेच पीओपी परत फरशीवर.

थेट_बीडहून: पाणी बदला म्हणे! इकडं टँकरची वाट बघायलेत लोक. व्हॅक्यूम क्लीनर लावा, मोकळे व्हा.

लातूर_पॅटर्न: साधा नको. बारीक कण मागच्या जाळीतून परत खोलीत येतात. बारीक कण अडवणारा हेपा फिल्टरवालाच हवा. पाणी कमी असेल तर लाकडाचा भुसा ओला करून पसरा, मग झाडा. मुठीत दाबला की गोळा व्हावा, पाणी गळू नये. बादलीतला गाळ नहाणीत ओतू नका, ट्रॅप चोंदतो.

भारतात_परभणी: कशाला एवढं? ॲसिड मारा, एका घासात चकाचक.

थेट_बीडहून: शहाबादी निघाली तर? चुनखडीचा दगड तो, ॲसिड पडलं की फसफसतो, चकाकी कायमची जाते. अन् ॲसिडात ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन वायू निघतो.

उंबरा_धाराशिव: मास्कचं कुणी बोललंच नाही. झिऱ्यांच्या धुळीत सिलिका असते, फुप्फुसात खोल बसली की निघत नाही. रुमाल चालत नाही. एन 95 घ्या, नाकाची पट्टी दाबून बसवा. दाढीवर तो नीट बसत नाही. कूलर-पंखे सफाई होईपर्यंत बंद. जुना रंग खरवडला का?

गोदाकाठ_नांदेड: हो, दारं-खिडक्या मशीननं घासल्या. 40 वर्षांचा ऑइलपेंट होता. फरशी शहाबादीच. लेकरू रांगतंय, म्हणून तर घाई.

उंबरा_धाराशिव: अहो, हे पहिल्याच ओळीत यायला पाहिजे होतं! घरगुती रंगात शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटात शिसं असू शकतं, अन् रांगणाऱ्या लेकराचा हात फरशीवरून थेट तोंडात जातो. रविवार विसरा. दारं, चौकटी, खिडकीच्या कडा, उंबरे साबणाच्या पाण्यानं पुसा, मग साध्या पाण्यानं. फडकी धुऊन परत वापरू नका, पिशवीत बांधून टाका. एक रात्र जाऊ द्या, परत पुसा. लेकरू त्या धुळीत आधी येऊन गेलं असेल तर डॉक्टरांना रक्तातल्या शिशाची तपासणी विचारा.

गोदाकाठ_नांदेड: बरं. भुसा सॉ मिलवर मिळंल ना?

थेट_बीडहून: मिळतो. साध्या लाकडाचाच घ्या, प्लायवूडचा नको.

भारतात_परभणी: पीओपी काय फुटानं पडलं?