रविवारी ज्याला भरवायला जाते, त्या मुलाबद्दल दोन प्रश्न

कांजूरची_मावशी:

नमस्कार. मी ४८ वर्षांची आहे, कांजूरमार्गला राहते, पतपेढीत कॅशियर आहे. गेलं दीड वर्ष दर रविवारी सकाळी उपनगरातल्या एका बालगृहात जाते. तिथली बरीचशी मुलं स्वतः बसू शकत नाहीत, काहींना बोलता येत नाही. सुरुवातीला कपड्यांच्या घड्या घालायचे, मग एकदा एक मावशी आजारी पडल्या आणि माझ्या मांडीवर एक मुलगा आला. तेव्हापासून रविवारचं त्याचं दुपारचं जेवण माझ्याकडे आहे.

तो ७ वर्षांचा आहे, म्हणजे कागदावर. दीड-दोन वर्षांचा असताना एका स्टेशनवर सापडला, वय डॉक्टरांनी अंदाजाने लावलं. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नाही, आणि फिट्सचं औषध चालू आहे. मान अर्धवट धरतो. डावी मूठ सतत घट्ट मिटलेली असते, पण मी स्टीलच्या डब्याचं झाकण उघडलं की तिची करंगळी आधी सुटते, मग बाकीची बोटं. हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. तिथल्या ताईंना सांगितलं, त्यांनीही पाहिलं.

प्रश्न पहिला. त्याला भरवायला मला सव्वा तास लागतो. मध्येच ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, जेवल्यावर घशातून घरघर ऐकू येते. इतर दिवशी मावशी त्याला मांडीवर आडवं घेऊन भरवतात. त्यांच्यावर सात मुलं असतात, त्यांना दोष देत नाही. पण दिवाळीपासून दोनदा न्यूमोनिया होऊन तो दवाखान्यात राहून आला. माझं काही चुकतंय का?

प्रश्न दुसरा. त्याला घरी आणावं असं मला आणि मिस्टरांना (वय ५१) वाटतं. मुलगी २० वर्षांची, तिची तयारी आमच्याआधीची. सासूबाई मात्र म्हणाल्या, "आणशील, आणि नाही निभावलं तर? परत नेऊन ठेवणार का?" मला रात्रभर झोप लागली नाही, कारण प्रश्न बरोबर आहे. कायद्याने हे कसं होतं? आणि ज्यांनी असं मूल वाढवलंय त्यांनी कृपया खरं काय ते सांगावं.

परळची_सिस्टर:

ताई, मी महापालिकेच्या रुग्णालयात ३१ वर्षं सिस्टर होते, त्यातली १९ वर्षं मुलांच्या वॉर्डात. तुम्ही लिहिलेली घरघर वाचून लगेच लिहायला बसले.

ठसका, डोळ्यांत पाणी, जेवणानंतर ओला आवाज आणि वरचेवर न्यूमोनिया ही चारही एकाच मुलात असतील तर अन्न थोडं थोडं श्वासनलिकेत जातंय असं धरून चालायचं. तुम्ही स्वतः मान मागे टाकून नुसती थुंकी गिळून बघा. किती कठीण जातं ते कळेल. आडव्या मुलाची मान तशीच मागे गेलेली असते आणि वरून पेज येत असते.

म्हणून आडवं भरवणं आजपासून बंद. त्याला मांडीवर बसतं घ्या, त्याची पाठ तुमच्या छातीला टेकलेली, हनुवटी किंचित खाली. कंबर मागे टेकलेली हवी आणि गुडघे वाकलेले. पाय लोंबकळू देऊ नका, तळव्यांखाली पाट ठेवा. पाय टेकले नाहीत की अशी मुलं सगळं अंग ताणतात, आणि अंग ताणलं की तोंडावरचा ताबा जातो. कायमची सोय म्हणजे कोपऱ्याची खुर्ची. दोन फळ्या काटकोनात जोडून पाठ करतात, पुढे पट्टा आणि ताट ठेवायला फळी. फिजिओथेरपिस्ट माप घेऊन देतील, सुतार बनवतो.

चमचा उथळ आणि लहान घ्या, मऊ सिलिकॉनचा मिळाला तर उत्तम. समोरून, खालच्या बाजूने आत न्या, जिभेच्या मध्यावर हलकेच टेकवा आणि थांबा. ओठ त्याने मिटायचे. वरच्या दातांना घासून चमचा रिकामा करायची आपल्याला सवय असते, ती सोडा. दात चमच्यावर घट्ट बसले तर ओढू नका, आपोआप सुटतील. एक घास गिळल्यावर पुन्हा एकदा गिळू द्या, मगच पुढचा.

पाणी आणि पातळ दूध अशा मुलांना सगळ्यात अवघड, घशात पळतं. नाचणीची घट्टसर खीर, मऊ भात वरणात मोडून एकजीव केलेला, कुस्करलेलं केळं हे बरं. अर्ध्या तासाच्या वर भरवू नका. दमलेलं मूल नीट गिळत नाही, पोट भरलं नसेल तर दोन तासांनी पुन्हा थोडं द्या. जेवल्यावर अर्धा तास बसतंच ठेवा.

पण हे सगळं तात्पुरतं. बालगृहाच्या ताईंना सांगून गिळण्याची तपासणी करून घ्या. अन्नात बेरियम मिसळून क्ष-किरणांखाली गिळताना बघतात, म्हणजे काय कुठे जातं ते दिसतं. डॉक्टरांनी पोटातून नळी सुचवली तर दचकू नका. माझ्या वॉर्डातली कितीतरी मुलं नळी बसल्यावर अंगाने भरली, आणि चवीपुरतं तोंडाने चाटवायला डॉक्टरांनी परवानगीही दिली.

आणखी दोन गोष्टी विचारा. फिट्सच्या औषधाचा डोस शेवटचा कधी बदलला? तो वजनावर ठरतो. ११ किलोच्या मुलाला लिहिलेला डोस १५ किलो झाल्यावरही तसाच चालू राहिलेला मी पाहिलाय, आणि मग फिट्स का येतात म्हणून सगळे चिंतेत. दुसरं, शौचाला रोज होतं का? बोलता न येणारं मूल दिवसभर कुरकुरत असलं तर मी आधी पोट चाचपायचे.

फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ दवाखाना. फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलाम या औषधाचा स्प्रे मिळतो, तो डॉक्टरांकडून लिहून घेऊन कपाटात नाही, हाताशी ठेवायचा.

आणि मावशींना शिकवायला जाऊ नका. त्यांच्या शेजारी बसा, तुमच्या मुलाला असं भरवा. ठसका लागत नाही हे त्यांना दिसेल. सात मुलं सांभाळणाऱ्या बाईला पाठ मोकळी करणारी कुठलीही युक्ती हवीच असते.

बालहक्क_ठाणे:

कायद्यापुरतं लिहितो, मी याच कामात आहे. मुलाचं नाव, बालगृहाचं नाव, फोटो काहीच टाकलं नाहीत, फार बरं केलंत. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे ते उघड करता येत नाही.

पहिल्यांदा विचारा, बालकल्याण समितीने त्याला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित केलंय का? सापडलेल्या मुलाच्या पालकांचा शोध घेतल्यावर हे होतं. इथेच बरीच मुलं अडकतात. बालगृह दत्तक संस्थेशी जोडलेलं नसतं, कुणी अर्ज पुढे नेत नाही, आणि मुलाचं नाव केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर येतच नाही. वर्षं जातात. त्याच्या फाइलमधला तो एक कागद आहे की नाही, यावर बाकी सगळं अवलंबून आहे.

तुमच्या वयांची बेरीज ९९ होते. ४ ते ८ वर्षांच्या मुलासाठी जोडप्याची मर्यादा १०० आहे, ८ च्या पुढे ११०. वय नोंदणीच्या तारखेला मोजतात, तेव्हा नोंदणी लांबवू नका. मात्र "आम्हाला हेच मूल हवं" असं आधी लिहून देऊन राखून ठेवता येत नाही. विशेष गरजा असलेली मुलं नोंदणी झालेल्या पालकांना पोर्टलवर पाहता येतात, तिथून पुढे जायचं.

दुसरी वाट प्रतिपालकत्वाची, म्हणजे फॉस्टर केअर. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६ वर्षांवरच्या मुलांना असं कुटुंब मिळू शकतं, आणि दोन वर्षं सांभाळल्यावर त्याच कुटुंबाला दत्तक घेता येतं. तुम्ही कांजूरला, म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात अर्ज करायचा. गृहभेट होते. त्या वेळी सासूबाईंनाही बसवा, त्यांचा प्रश्न त्यांनीच विचारू द्या. आम्हाला असं घर आवडतं जिथे हा प्रश्न आधी विचारला जातो.

लेकीचा_बाबा:

ताई, माझी मुलगी आता ९ वर्षांची आहे. अकरा महिन्यांची असताना घरी आली, डोक्यात शंट घेऊन. मेंदूतलं जास्तीचं पाणी कातडीखालच्या नळीतून पोटात उतरतं, ती नळी म्हणजे शंट.

संस्थेतून निघताना तिथल्या मावशींनी बायकोच्या हातात एक निळी वही ठेवली. त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हतं, रात्रीच्या वॉचमनकडून लिहून घेतलेली. पहिल्या पानावर होतं: शंटच्या बाजूला झोपवू नये. भूक लागली तर रडत नाही, जीभ बाहेर काढते. कोमट पाण्यात हात बुडवला की हसते. लाल रंगाचं औषध थुंकते, पिवळं घेते. डिस्चार्जच्या कागदांचा गठ्ठा होता आमच्याकडे, त्यात यातलं एकही वाक्य नव्हतं. ती जीभेची ओळ नसती तर पहिला आठवडा पोर उपाशी राहिली असती.

आम्ही ती वही पुढे चालू ठेवली. ती चार वर्षांची असताना जुलैत एका संध्याकाळी तिला दोन उलट्या झाल्या. दवाखान्यात ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, पोटाची साथ चालू आहे, औषध देतो, घरी न्या. दिसायला तसंच होतं. पण ती रोज आमच्या कुकरच्या शिट्ट्या मोजते, आणि त्या दिवशी मोजल्या नव्हत्या. बायकोने वही काढली: काल दुपारी तीन तास झोप, आज पुन्हा तीन तास, एरवी एक. डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं आणि सीटी स्कॅन लिहिला. शंट बंद पडला होता. पहाटे ऑपरेशन झालं. त्या डॉक्टरांचा मला राग नाही. तिचा रोजचा दिवस कसा असतो हे त्यांना कुठून कळणार? ते आम्हालाच माहीत होतं.

तुम्ही करंगळी आधी सुटते असं लिहिलंय ना, ते मी बायकोला वाचून दाखवलं.

खरं सांगा म्हणालात म्हणून सांगतो. बायकोने दोन वर्षं नोकरी सोडली. नातेवाइकांच्या लग्नांना आम्ही दोघं एकत्र गेलो नाही. खासगी विमा कंपन्यांनी नकार दिला. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना एक लाखापर्यंतची आहे, माझ्या मुलीला लागू नव्हती, पण सेरेब्रल पाल्सीला लागू आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड लागेल, बालगृहाने काढलंय का विचारा. परळला वगैरे तपासणीला नेताना लोकलच्या दिव्यांग डब्यातून न्या. पहिल्यांदा मला त्या डब्यात चढायला संकोच वाटला होता.

सासूबाईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आम्हालाही निभेल की नाही माहीत नव्हतं. आम्ही फक्त येत्या सहा महिन्यांचा हिशेब करायचो.

अचलपूरची_लेक:

मी गोरेगावला असते, माहेर अचलपूर. आमच्या तालुक्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचं बालगृह आहे, बेवारस मतिमंद आणि मूकबधिर मुलांचं. २०२४ ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी नाव ऐकलं, आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. मुलांच्या कागदांवर वडील म्हणून त्यांनी स्वतःचं नाव दिलं. त्यांची कित्येक वर्षांची मागणी एकच, अशा मुलांना १८ पूर्ण झाल्यावर बाहेर पडावं लागू नये, तिथेच आयुष्यभर राहण्याचा कायदा व्हावा. चालता-बोलता येणारं मूल अठराव्या वर्षी कुठेतरी जाईल, तुमच्या रविवारच्या मुलाने कुठे जायचं? म्हणून १८ नंतरचं आत्ताच बघा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तीला प्रौढ झाल्यावर कायदेशीर पालक नेमता येतो, नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली जिल्हा पातळीवरची समिती नेमते. तुमची मुलगी २० ची आहे. तिला आत्ताच विचारा, आणि विचार करायला वेळ द्या.

कांजूरची_मावशी:

सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांनी लिहितेय, कारण लिहिण्यासारखं काही घडेपर्यंत थांबले.

फाइल पाहिली. मुक्त घोषित केल्याचा कागद नाही. बालगृहाच्या ताई चांगल्या आहेत, त्यांनी समितीकडे अर्ज करायचं कबूल केलंय, मी पुढच्या गुरुवारी रजा टाकून सोबत जाणार. आम्ही पोर्टलवर नोंदणी सुरू केलीय आणि बाल संरक्षण कक्षातही चौकशी केली. सिस्टर, डोसचं तुम्ही म्हणालात तेच निघालं, सव्वा वर्षात बदललाच नव्हता. गिळण्याच्या तपासणीची तारीख मिळाली आहे.

मुलीला पुढच्या पालकत्वाचं विचारलं. "विचार करून सांगते," म्हणाली. मला ते लगेच 'हो' म्हणण्यापेक्षा बरं वाटलं. सासूबाई काल माझ्याबरोबर आल्या. त्याच्या पायांखाली पाट त्यांनीच सरकवला. घरी येताना काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

वही आणलीय, शंभर पानी. एक मावशी म्हणाल्या, रोजचं मी लिहीन, मला सातवीपर्यंतचं लिहिता येतं. कालचं पान माझं आहे: दुपारी सव्वाबारा, मांडीवर बसून. नाचणीची खीर १४ चमचे, २५ मिनिटं. ठसका एकदा, नवव्या चमच्याला, तेव्हा बाहेर कुणीतरी दार आपटलं होतं. घरघर नाही. डबा उघडल्यावर करंगळी आणि अंगठा दोन्ही एकदम.

सिस्टर, फिजिओथेरपिस्टची वेळ महिन्यानंतरची आहे आणि आमच्या खालच्या गल्लीतला सुतार तयार बसलाय. खुर्चीच्या बैठकीची खोली कमरेपासून गुडघ्याच्या मागपर्यंत मोजायची ना, की दोन बोटं कमी ठेवायची?