मालदीवच्या डायव्हिंग सफरीत बोटीवरील माणसांना टिप किती, कोणत्या चलनात आणि कोणाच्या हाती द्यावी?

प्रश्न – दर्यापूर तालुका, अमरावती

नमस्कार. मी व माझे यजमान येत्या फेब्रुवारीत मालदीवला सात रात्रींच्या डायव्हिंग सफरीला निघालो आहोत. मुक्काम बोटीवरच आहे. पोहणे आम्ही दोघेही गावच्या विहिरीत शिकलो, स्कूबाचे प्रशिक्षण तारकर्लीला घेतले, आणि परदेशात पाण्यात उतरण्याची ही पहिलीच वेळ आहे. माणशी १,५०० डॉलर भरून झाले असून माहितीपत्रकात ‘टिप ऐच्छिक’ एवढेच लिहिले आहे. हा खर्च आम्ही कापसाच्या पैशातून बेताने केला आहे. तरीही ज्यांच्या भरवशावर समुद्रात उतरायचे, त्यांना देताना हात आखडता घेण्याची इच्छा नाही. रक्कम किती असावी, डॉलर न्यावेत की तिथले रुफिया, आणि भारतीय रुपये चालतील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – हिंगणघाट

ताई, मी मालदीव व इजिप्त येथे अशा सफरी केल्या आहेत. बोटीवरच्या सफरीत साधारणपणे माणशी दिवसाला १० ते १५ डॉलर किंवा सफरीच्या किमतीच्या ५ ते १० टक्के देण्याची रीत आहे. तुमच्या हिशेबाने माणशी १०० डॉलरच्या आसपास रक्कम मला योग्य वाटते, आणि सेवा विशेष चांगली असेल तर १५० पर्यंत जावे. त्याआधी मात्र बिलात १० टक्के सेवा शुल्क धरले आहे का, आणि गाइडची टिप सर्वांच्या सामाईक टिपपेटीतच जाते की वेगळी द्यायची, हे पहिल्याच दिवशी बोटीच्या व्यवस्थापकाला स्पष्ट विचारून घ्या. या प्रश्नाचा कोणाला राग येत नाही.

मालदीवला डॉलरच न्या. तिथे डॉलरची चणचण असते, त्यामुळे स्थानिक माणसालाही तो हवाच असतो. शिवाय बोटीवर बांगलादेश, श्रीलंका, फिलिपाइन्स अशा देशांची माणसे काम करतात व त्यांना घरी पैसे पाठवायचे असतात. रुफिया मालदीवच्या बाहेर सहसा बदलून मिळत नाही, म्हणून उरलेला रुफिया तुमच्याही उपयोगाचा राहत नाही. भारतीय रुपये मात्र देऊ नका, कारण ते बदलण्याचा सगळा त्रास त्या माणसाच्या गळ्यात पडतो. हा नियम सर्व देशांना सारखा लागू नाही. थायलंडमध्ये बाथ द्यावेत, इजिप्तमध्ये डॉलर किंवा युरोच्या नोटा चालतात, आणि इंडोनेशियात लहान डॉलर नोटांना कमी दर मिळत असल्याने तिथे त्यांचे चलन रुपियाच बरे.

माझी एक चूक सांगतो. नागपूरच्या एका विनिमय केंद्रातून घेतलेल्या नोटा मी न पाहताच पाकिटात ठेवल्या होत्या. त्यातील ५० डॉलरच्या एका नोटेवर निळ्या शाईचा लहानसा शिक्का होता. ती मी बोटीवरच्या स्वयंपाक्याला दिली. दोन महिन्यांनी गाइडकडून समजले की त्याला ती कमी दरातच खपवावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येक नोट उजेडात धरून पाहतो, आणि फाटलेली, लिहिलेली, शिक्का असलेली किंवा जुन्या छपाईची नोट तिथल्या तिथे परत करतो.

उत्तर – मोहर्ली, चंद्रपूर

मी समुद्र पाहिलेला नाही. ताडोबात गाइडचे काम करतो, म्हणून टिप घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. माझ्या घरी बिस्किटांच्या डब्यात युरोची नाणी आहेत. पाहुण्यांनी ती मनापासून दिली होती, पण परदेशी नाणी ना बँक घेत ना विनिमय केंद्र. वर्षानुवर्षे ती डब्यातच आहेत, म्हणून नाणी कृपया देऊ नका.

दुसरी गोष्ट वाटपाची. वाघ दिसला की पाहुणे गाइडच्या हातात नोट ठेवतात, पण पहाटेच्या थंडीत जिप्सी चालवणारा भाऊ बाजूला उभा राहून पाहत असतो. बोटीवरही असेच होत असेल, असे मला वाटते.

उत्तर – हिंगणघाट

भाऊ, अगदी तसेच होते. मालदीवमध्ये मोठ्या बोटीसोबत डायव्हिंगची वेगळी डोणी, म्हणजे लहान बोट, असते आणि टाक्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर बहुधा तिच्यावरच असतो. आम्ही जेवायला बसलो की एक माणूस त्या घरघरीत कानात बोळे घालून एकेक टाकी २०० बार दाबापर्यंत भरत असे आणि काट्यावरची नजर हलू देत नसे. सात दिवसांत त्याच्याशी आमचे चार शब्दही झाले नाहीत, पण पाण्याखाली आम्ही त्याने भरलेल्या हवेवरच होतो. म्हणून मी मोठा वाटा सामाईक पेटीत टाकतो, आणि डोणीवरच्या माणसांनाही त्यातून मिळते ना, हे विचारतो.

उत्तर – अमरावती, निवृत्त बँक कर्मचारी

नोटांच्या स्वरूपात माणशी ३,००० डॉलरपर्यंत परकीय चलन नेता येते. पासपोर्ट व तिकीट सोबत ठेवावे, आणि ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचे चलन घ्यायचे असल्यास पैसे रोखीने न देता बँकेमार्फत द्यावेत. परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. त्यावरील रक्कम १८० दिवसांत बँकेला परत करावी लागते. भाड्याची साधने, नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली टाकीतील हवा) अशा बिलांचे पैसे व टिपचे पैसे वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा, कारण बोटीवर एटीएम नसते आणि शेवटच्या बिलात टिपचेच पैसे संपण्याची भीती असते.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही दोघांचे मिळून २४० डॉलर ठरवले आहेत. त्यातील १८० सामाईक पेटीत आणि ६० गाइडला, मात्र गाइडचा वाटा पेटीतच असेल तर सगळे पेटीत. २० व १० च्या कोऱ्या नोटा मागणार आहे. विमानाआधी किमान १८ तास डाइव्ह करायची नसल्याने शेवटची डाइव्ह आदल्या दिवशीच संपते, तेव्हा त्या संध्याकाळी डोणीवरची माणसेही भेटतील असे धरून पाकीट तेव्हाच द्यायचे ठरवले आहे. मोहर्लीच्या भाऊंना एक विनंती आहे. मार्चमध्ये आम्ही ताडोबाला येऊ, तेव्हा जिप्सी चालवणाऱ्या भाऊंना वेगळे द्यावे की तुमच्याच हाती, तेवढे सांगून ठेवा.

उत्तर – मोहर्ली, चंद्रपूर

ताई, वेगळेच द्या, आणि त्याच्याच हातात द्या.