मदत हवी आहे: खाडीच्या अभ्यासासाठी कॉलेजशी करार करताना काय लिहून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीजवळच्या एका कोळीवाड्यातली. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, आता शाळेत शिकवते. त्यामुळे कॉलेजचं काही निघालं की गाव माझ्याकडे बघतं आणि कॉलेजवालेही मलाच फोन करतात.

गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या प्राध्यापिका आल्या होत्या. ठाणे खाडीतल्या मासळीवर दोन वर्षांचा प्रकल्प आहे, निधी मंजूर व्हायच्या बेतात आहे, आणि त्यात गावाचा सहभाग हवा आहे. बाई मनापासून ऐकून घेतात, म्हणूनच हे काम नीट व्हावं असं मला फार वाटतं.

अडचण जुनी आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका संस्थेची मुलं आली होती. आमच्या बायांनी बाजारातून आल्यावर, घरातलं आवरून, दोन-दोन तास बसून उत्तरं दिली. कालवं कुठे लागतात, निवट्या कुठल्या चिखलात मिळतात, सगळं नेऊन दाखवलं. पुढे एक ओळसुद्धा कुणी कळवली नाही. परवाच्या बैठकीत आजी एवढंच म्हणाली, "मागल्या टायमाला पोरा आलती, कागद भरून नेला. त्याचा काय झाला?" बाईंकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

त्यात आताच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न आहे, 'महिन्याला किती किलो मासळी मिळते?' आमच्याकडे हिशेब तिथीवर चालतो. पुनव-अवसेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते, डोल (प्रवाहात लावायचं पिशवीसारखं जाळं) भरते. अष्टमी-नवमीच्या भांगाला पाणी मंदावतं, होड्या काठालाच राहतात. सगळ्याची सरासरी काढून जो आकडा येईल तो आमच्यातल्या एकालाही ओळखीचा वाटणार नाही. बाईंनी हे लगेच वहीत टिपून घेतलं, पण फॉर्म आधीच छापून झालेत.

आणि विषय ठरवला कुणी? प्रकल्पात माशांच्या जाती मोजायच्या आहेत. गावाला विचाराल तर लोक म्हणतील, गाळ एवढा का चढतोय ते शोधा. जिताडा, बोय कमी का झाली, पाण्यात काय सोडलं जातं ते सांगा. नकाशाचीही भीती आहे. २०१५ साली खाडीच्या एका भागाला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेली. पक्ष्यांवर कुणाचा राग नाही. पण आम्ही कुठे जाळं लावतो हे नकाशावर उमटलं की उद्या नेमकं तिथेच अडवतील, असं लोकांना वाटतं. नवी मुंबईसाठी गावांच्या जमिनी गेल्या तेव्हापासून मोजणी म्हटली की इथली जुनी माणसं सावध होतात.

तर माहिती कुणाच्या ताब्यात राहावी? होडीचं डिझेल आणि दिवसाची मजुरी मागितली तर चुकीचं दिसेल का? विषयात बदल आता सुचवता येतो का? अशा कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

निवृत्त शिक्षक, ठाणे:
ताई, 'मंजूर व्हायच्या बेतात' म्हणजे अजून मंजूर नाही. आजच बाईंशी बोला. एकदा निधी आला की खर्चाची शीर्षकं बदलून घेणं फार जिकिरीचं होतं. डिझेल आणि मजुरी अंदाजपत्रकातच घालायला सांगा. विद्यार्थ्याला प्रवासखर्च मिळतो, मग होडी नेणाऱ्याचा दिवस फुकट का? गाळाचा प्रश्नही आत्ताच घालून घ्या, निदान नमुने घेताना गाळाची खोली मोजायला लावा.

करारात एक वाक्य हवंच: माहिती याच कामासाठी, दुसरं काही करायचं तर गावाला पुन्हा विचारायचं. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई लोकांनी १९९०च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. पुढे त्याच नमुन्यांवर मानसिक आजार आणि वंशाचं मूळ यांवर संशोधन झालं. लोक कोर्टात गेले. २०१० साली तडजोड झाली, ७ लाख डॉलर आणि उरलेलं रक्त परत मिळालं. तुमच्याकडे रक्ताच्या जागी मासळीच्या जागा आहेत, एवढाच फरक.

बेलापूरकर:
मी वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करते. नोंदी गावातल्याच मुलींना करू द्या, मानधन देऊन. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचा अभ्यास केला, तेव्हा घरोघरी जाऊन बाळाचं वजन करणाऱ्या आणि नोंद ठेवणाऱ्या गावातल्याच बाया होत्या. १९९९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तुमच्या वहीत तारखेशेजारी तिथीचा रकाना ठेवा, किलोचा प्रश्न आपोआप सुटेल.

नकाशाचं म्हणाल तर नेमकी जागा गावाच्या वहीत राहू द्या, अहवालात फक्त खाडीचे मोठे पट्टे. छापण्याआधी निष्कर्ष मराठीत, बंदरावर, सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे, हेही लिहून घ्या. शिवाय २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे लोक जैवविविधता नोंदवही (स्थानिक जीवजाती आणि त्यांबद्दलची लोकांची माहिती टिपणारी वही) ठेवायची असते, त्याबद्दल महापालिकेच्या जैवविविधता समितीकडे विचारा.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. बाईंशी बोलले. गाळाची खोली आणि मजुरी दोन्ही अर्जात घालते म्हणाल्या, फॉर्मही नव्याने करणार आहेत. येत्या अष्टमीला बैठक ठेवली आहे, त्या दिवशी होड्या काठाला असतात.

एक गोष्ट मात्र अडली आहे. गावाच्या वतीने मच्छीमार सोसायटी सही करणार, आणि आमच्या सोसायटीत एकही बाई सभासद नाही. कालवं आणि निवट्यांची माहिती तर सगळी बायांकडेच. बायांच्या बचत गटाची वेगळी सही करारावर घेता येईल का? कुणी असं केलं असेल तर मसुद्यात ते कसं लिहिलं, सांगाल का?