फायनल फँटसी १४ (ऑनलाइन खेळ): युरोप सर्व्हर, रात्री दहानंतरची वेळ, दोघेच जण. कोणते क्लास घ्यावेत?

घोडबंदर_दहानंतर
मी कासारवडवलीला, मित्र खारघरला. दोघांकडेही पूर्ण गेम आहे, फ्री ट्रायल नाही. कॅरेक्टर अजून बनवलेली नाहीत. वेळ सोमवार ते शुक्रवार, रात्री १० ते १२. युरोपला माझं पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) १४०-१५० येतं. मित्राचंही तेवढंच, पण मध्येच ३०० वर उडी मारतं. त्याला निंजा आवडतो, मला मशिनिस्ट. दोघेही डीपीएस (मारा करणारे) झालो तर डंजनच्या (गटाने करायच्या मोहिमेच्या) रांगेतच रात्र जाईल का? या पिंगवर कोणते क्लास नीट चालतात? आणि ओशिनिया किंवा जपान घेतलं तर फायदा आहे का? तुमचा आवडता क्लास सांगताना तो का आवडतो हेही लिहा, नुसतं नाव नको.

ऐरोली_टँक
आधी सर्व्हरचं. आपल्याकडे रात्रीचे १० म्हणजे जपानमध्ये दीड आणि सिडनीत अडीच किंवा साडेतीन. पिंग काहीही येवो, त्या वेळी डंजनला माणसं कमी. जर्मनीत मात्र तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे युरोपच बरोबर. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात, त्यानंतर गर्दी आपल्या वेळेने तासभर उशिरा होते एवढं लक्षात ठेवा.

चार जणांच्या डंजनमध्ये १ टँक (मार अंगावर घेणारा), १ हीलर (बरं करणारा), २ डीपीएस लागतात. तुम्ही दोघे डीपीएस घेऊन एकत्र गेलात तर दोन्ही डीपीएस जागा तुम्हीच भरता आणि टँक-हीलरची वाट बघत बसता. तेच दोघे मोजकेच असतात. उलट तुमच्यातच टँक आणि हीलर असतील तर शोधायचे फक्त दोन डीपीएस, आणि ते रांगेत आधीच उभे असतात. रूलेटचा (खेळच कुठलं तरी डंजन निवडून देतो त्याचा) रोजचा बोनस आपल्या वेळेने रात्री ८:३० ला नव्याने सुरू होतो, त्यामुळे दहाला बसलात तरी त्या दिवसाचा बोनस शाबूत असतो.

माझी शिफारस: तुम्ही मॅरॉडर (टँक), मित्राने आर्केनिस्ट (आधी डीपीएस, पुढे हीलरही होतो). दोन्ही लिम्सा लोमिन्सा शहरात सुरू होतात, आणि हे कारण छोटं नाही. मॅरॉडर आणि कॉन्ज्युरर (हीलर) अशी जोडी घेतलीत तर एक जण लिम्सात आणि दुसरा ग्रिडानियात. कथेत साधारण लेव्हल १५ ला एअरशिप मिळेपर्यंत भेट होणं अवघड. एका कॅरेक्टरवर सगळे क्लास शिकता येतात (लेव्हल १० चा क्लास क्वेस्ट, म्हणजे त्या क्लासची कामगिरी, झाला की दुसरा क्लास उघडतो), त्यामुळे ही निवड कायमची नाही. मशिनिस्ट मात्र सुरुवातीला मिळतच नाही. तो इशगार्डमध्ये उघडतो आणि तिथे जायला मूळ गेमची कथा संपवावी लागते.

लेव्हल ३० ला मॅरॉडरचा वॉरियर होतो. आर्केनिस्टचे दोन होतात, समनर आणि स्कॉलर, आणि दोघांची लेव्हल एकच असते. एकदा मेहनत केली की एक डीपीएस आणि एक हीलर हातात. इथे बरेच जण दोन ठिकाणी अडकतात. लेव्हल ३० होते, पण जॉबचा (वॉरियर, स्कॉलर अशा पुढच्या रूपाचा) क्वेस्ट दिसत नाही, कारण मुख्य कथेतला 'सिल्फ-मॅनेजमेंट' हा क्वेस्ट बाकी असतो. दुसरं म्हणजे समनरचे दागिने इंटेलिजन्सचे आणि स्कॉलरचे माइंडचे. तेच दागिने घालून स्कॉलर झालात तर हीलिंग तोकडं पडतं आणि दोष क्लासला दिला जातो. अंगठ्या, हार, कानातलं, कडं यांचा वेगळा संच आधीच बाजूला काढून ठेवा.

आता टँकचं काम. लेव्हल १० ला डिफायन्स मिळतं, शत्रूंना तुमच्याकडे ओढणारी क्षमता. ते चालू नसेल तर शत्रू तुमच्याकडे थांबत नाहीत. डंजनमध्ये शिरल्यावर पहिलं काम त्याचा आयकॉन दिसतोय का ते बघणं. नव्या टँकच्या हातून पार्टी मरते ती बहुतेक याच कारणाने. मग ओव्हरपॉवर, सगळ्या घोळक्याला एकदम लागणारा वार. घोळक्यावर एकेरी कॉम्बो (एकाच शत्रूवरचे सलग वार) मारत राहिलात तर मागचे दोन शत्रू हीलरकडे पळतात.

बचावाचे कूलडाउन (एकदा वापरल्यावर काही वेळ न मिळणाऱ्या क्षमता) एकदम उधळू नका. रॅम्पार्ट २० टक्के नुकसान कमी करतं, २० सेकंद टिकतं आणि ९० सेकंदांनी परत मिळतं. रिप्राइझल जवळच्या शत्रूंचा मारा १० टक्क्यांनी कमी करतं. दोन्ही एकत्र लावली तर ३० नाही, २८ टक्केच वाचतात, कारण गुणाकार होतो (०.८ गुणिले ०.९ म्हणजे ०.७२). घोळका गोळा होऊन उभा राहिला की रॅम्पार्ट, ते संपता संपता रिप्राइझल, लेव्हल ३८ नंतर मध्ये व्हेंजन्स हा आणखी एक बचाव. सगळं पहिल्या पाच सेकंदांत टाकलं तर पुढे हीलरला नुसती धावपळ.

लेव्हल १५ ला हॉल ऑफ द नॉव्हिस (नवशिक्यांचं प्रशिक्षण) टाळू नका. अर्ध्या तासाचं काम आहे, कपड्यांचा संच मिळतो आणि ब्रँड-न्यू रिंग मिळते, जी लेव्हल ३० च्या आत ३० टक्के जास्त अनुभव देते.

मला वॉरियर आवडतो तो होल्मगँगमुळे. लेव्हल ४२ ला मिळतं, १० सेकंद तुमचं आरोग्य १ च्या खाली जात नाही. हीलर पडला तरी त्या १० सेकंदांत लढाई सावरता येते. दुसऱ्या चुकीला जागा देणारा क्लास नवशिक्याला सगळ्यात जास्त शिकवतो.

नेरुळ_केबल
पिंगबद्दल. १५० ला जवळपास सगळं चालतं. ३०० ची उडी हा वेगळा आजार आहे आणि बहुतेकदा तो घरातच असतो. मित्राने आधी राउटरच्या पत्त्यावर १०० पिंग पाठवून बघावेत. ते १-३ मिलिसेकंदांत यायला हवेत. तिथेच ४०, ८० दिसले तर दोष वायफायचा. खारघरच्या इमारतीत एका मजल्यावर चार-चार राउटर २.४ गीगाहर्ट्झवर ओरडत असतात. ५ गीगाहर्ट्झ घ्या, किंवा सरळ कॅट ५ई केबल टाका. राउटरपर्यंत ठीक असेल आणि उडी फक्त कुणी घरात फोटो-व्हिडिओ अपलोड करताना येत असेल, तर राउटरच्या क्यूओएसमध्ये (वेग वाटून देणाऱ्या सेटिंगमध्ये) अपलोड मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. पावसाळ्यासाठी राउटरला छोटा डीसी यूपीएस लावाल तेव्हा फायबरच्या डब्यालाही लावा. एकालाच लावून उपयोग नाही. व्होल्टेज अडॅप्टरवर वाचून जुळवा.

खेळात याचा परिणाम असा: जमिनीवरची नारंगी खूण जाते त्या क्षणी कोण आत होतं ते सर्व्हर ठरवतो. स्फोट नंतर दिसतो. तुम्ही बाहेर पाऊल टाकल्याची बातमी सर्व्हरला उशिरा पोचते, म्हणून खूण जाण्याआधीच बाहेर असायला हवं. "बाहेर होतो तरी लागलं" याचं कारण हेच.

मशिनिस्टचं दुखणं वेगळं. साधारण क्लासला दोन मुख्य वारांमध्ये २.५ सेकंद असतात, त्यात दोन क्षमता (मधल्या जादा चाली) बसतात. प्रत्येक क्षमता हात साधारण ०.६ सेकंद अडकवते आणि पिंगचा उशीर वर चढतो. मशिनिस्टच्या हीट ब्लास्ट या वाराला मधलं अंतर १.५ सेकंदच. त्यात एकच क्षमता बसते, आणि ३०० वर तीही पुढचा वार मागे ढकलते. १५० ला एकच टाकायची शिस्त ठेवली तर चालेल.

माझा आवडता समनर. बहुतेक वार चालता चालता लगेच होतात. समनर टायटन, गरुड, इफ्रित यांची शक्ती आळीपाळीने वापरतो. टायटनचे टोपाझ आणि गरुडाचे एमराल्ड वार तत्काळ, फक्त इफ्रितच्या रूबी वाराला सुमारे २.८ सेकंद कास्ट (वार होण्याआधी थांबायचा वेळ). म्हणून बॉस शांत उभा असताना इफ्रित, धावाधावीत टायटन-गरुड. आणि लेव्हल १२ पासून मेलेल्याला उठवणारं रेझरेक्शन असतं. स्विफ्टकास्ट लावून केलं की कास्टही लागत नाही.

घोडबंदर_दहानंतर
राउटरलाच ६० दाखवतंय मित्राकडे, केबल टाकतोय. टँक-आर्केनिस्ट ठरलं. पण निंजा त्याच्या डोक्यातून जात नाहीये. पूर्ण सोडून द्यायला सांगू का?

कोलशेत_मुद्रा
सोडू नका. निंजाचा मूळ क्लास रोग, त्याचा गिल्डही लिम्सातच आहे. लेव्हल १० नंतर घ्यायचा. रांग लांब नसेल त्या रात्री, किंवा एकट्याने कथा करताना वाढवायचा. कथेतली चार जणांची डंजन ड्युटी सपोर्टने संगणकाच्या साथीदारांबरोबर करता येतात, तिथे रांगच नाही.

निंजा पिंगवर अडखळतो तो मुद्रांमध्ये. टेन, ची, जिन यांचा क्रम लावून शेवटी निंजुत्सु दाबायचं. क्रम चुकला की डोक्यावर ससा बसतो आणि वार वाया. घाईने तीन बटणं आपटली तर मधली मुद्रा सर्व्हरकडे नोंदलीच जात नाही, आणि बोटांना वाटतं क्रम बरोबर होता. उपाय एवढाच: बटणं ठेक्यात दाबा आणि निंजुत्सुच्या बटणाचं चित्र बदललेलं दिसल्यावरच ते दाबा. मुद्रा तीन शेजारच्या कळांवर ठेवा, निंजुत्सु वेगळ्या बोटावर. आधी लाकडी बाहुल्यावर दोन मुद्रांचा रायटन हा निंजुत्सु शंभरदा, ससा न येता. तो जमला की डंजन.

ऐरोली_टँक
मुद्रांचा सराव केबल टाकल्यानंतर करा, आधी नको. उड्या मारणाऱ्या पिंगवर बसलेला ठेका नंतर मोडावा लागतो. आणि मित्र स्कॉलर झाल्यावर एक सांगा: स्कॉलरची परी आपली आपण हील करत राहते, त्यामुळे सतत फिझिक (साधं हील) मारत बसू नये. मोठा घोळका यायच्या आधी टँकवर ॲडलोक्वियम, म्हणजे ढाल आधीच चढलेली असते. मार बसल्यावर टाकलं तर ढालीचा अर्धा फायदा गेला.