सत्रअखेरचं शाळेचं वार्तापत्र: आधी काय, कधी आणि कसं पाठवायचं?

आठ_वर्ग (प्रश्न)

नमस्कार. आमच्या प्राथमिक शाळेच्या सत्रअखेरच्या वार्तापत्राचं काम या वेळी माझ्याकडे आहे. आठ वर्ग, साधारण २४० मुलं. आतापर्यंतचा शिरस्ता असा, की शाळेच्या शेवटच्या दिवशी चार पानी पीडीएफ पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर टाकायची. पहिल्या पानावर मुख्याध्यापकांचं मनोगत, मग वर्गवार बातम्या, बक्षिसं, फोटो आणि चौथ्या पानाच्या तळाशी सूचना. पीडीएफ गेल्यावरही "शाळा पुन्हा कधी?", "उद्या किती वाजता सुटणार?" हेच प्रश्न दिवसभर येतात.

मला चार गोष्टी विचारायच्या आहेत. मजकुराचा क्रम काय असावा आणि तो कधी पाठवावा? वर्गशिक्षकांपैकी कोणी दोन ओळी देतं, कोणी दोन पानं. ते कसं आटोक्यात आणायचं? फोटोंच्या बाबतीत काय पाळायचं? आणि काही घरांना छापील प्रत लागते, पण घडी घातल्यावर पानं मागेपुढे होतात, ती कशी लावायची?

शाळा_कार्यालय

ताई, सूचना आणि बातम्या आधी वेगळ्या करा. अर्धी अडचण तिथेच संपते. पालक पीडीएफ उघडतात ते एका हाताने, कामाच्या गडबडीत. चौथ्या पानापर्यंत फारच थोडे पोचतात.

सूचनांचं एकच पान करा आणि ते शेवटच्या दिवसाच्या दहा दिवस आधी पाठवा. बातम्यांचं वार्तापत्र शेवटच्या आठवड्यात गेलं तरी चालतं. शेवटच्या दिवशी सूचना पाठवण्यातला तोटा असा, की तोवर पालकांच्या हातात काही करायला वेळच उरत नाही. वाचनालयाचं पुस्तक घरी असतं, हरवलेला स्वेटर शाळेत असतो आणि कार्यालय दुसऱ्या दिवसापासून रोज उघडं नसतं. यानंतर दोन छोट्या आठवणी पुरतात: एक शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी, दुसरी शाळा उघडण्याच्या दोन दिवस आधी.

सूचनांच्या पानावर सगळ्यात वर तारखा. "सुट्टी १२ तारखेपर्यंत" असं लिहू नका. १२ ला शाळा आहे की १३ ला, यावर निम्मे पालक एक समजतात, निम्मे दुसरं. सरळ चार ओळी लिहा: शाळेचा शेवटचा दिवस, त्या दिवशी शाळा सुटण्याची वेळ, नव्या सत्राचा पहिला दिवस, त्या दिवशी शाळा भरण्याची वेळ. प्रत्येक ओळीत वार, तारीख आणि महिना तिन्ही हवेत. "पुढच्या सोमवारी" नको, कारण निरोप कोणी गुरुवारी वाचतं तर कोणी रविवारी. "अर्धा दिवस" हेही नको, घड्याळातली वेळ द्या. वेळ बदलली असेल तर शाळेची बस आणि शाळेनंतरचं पाळणाघर त्या दिवशी कसं चालेल, हे त्याच ओळीखाली आलं पाहिजे. नाहीतर शाळा लवकर सुटते आणि मूल फाटकाशी उभं राहतं.

वार आणि तारीख कॅलेंडरवर बोट ठेवून पडताळा. गेल्या वर्षीची फाइल उघडून फक्त महिना बदलला, की वार हमखास चुकतो. तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे जाते आणि मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन वार. तारखा टंकणाऱ्याने स्वतःच तपासू नयेत. शाळेचं मूळ वेळापत्रक समोर धरून दुसऱ्या कोणीतरी तपासाव्यात.

तारखांच्या खाली पालकांनी करायच्या गोष्टी. वाचनालयाची पुस्तकं कोणत्या तारखेपर्यंत द्यायची ते सर्वांना एकत्र सांगा. पण पुस्तक न दिलेल्यांची यादी गटावर टाकू नका, ती चिठ्ठी ज्याची त्यालाच जावी. शुल्क थकलेल्यांबाबतही हेच. सापडलेल्या वस्तू शेवटचे तीन दिवस प्रवेशद्वाराजवळ टेबलावर मांडा, डबे, बाटल्या आणि कपडे असे तीन फोटो गटावर द्या आणि न नेलेल्या वस्तूंचं नंतर काय होणार तेही लिहा. मुलांची औषधं शाळेत ठेवलेली असतील, इनहेलर वगैरे, तर ती पालकांच्याच हाती द्या, दप्तरातून पाठवू नका. परत देताना वापराची मुदत पाहा आणि पुढच्या सत्रात नवं लागणार असेल तर तेव्हाच सांगा.

सुट्टीत कार्यालय कोणत्या दिवशी, किती ते किती उघडं, ही एक ओळ विसरू नका. दाखला, शाळाबदल, पत्त्यातला बदल, सगळं याच काळात निघतं.

मुद्रितशोधक

वर्गांच्या मजकुराबद्दल. शिक्षकांना "काहीतरी लिहून द्या" म्हटलं की एक तर "मुलांनी विविध उपक्रमांत उत्साहाने सहभाग घेतला" येतं किंवा निबंध. त्यापेक्षा तीन प्रश्नांचा कागद द्या: या सत्रात मुलांनी हाताने केलेली एक गोष्ट कोणती? त्यातून त्यांना काय दिसलं? घरी पालक मुलाला त्याबद्दल काय विचारू शकतील? मिळून ६० ते ८० शब्द, एक फोटो आणि पोचवण्याची तारीख. आठ वर्ग म्हणजे साडेसहाशे शब्दांच्या आत, दोन पानांत बसतात.

फरक कळावा म्हणून नमुना देतो:

"दुसरीच्या मुलांनी दोन पेल्यांत बिया पेरल्या. एक पेला खिडकीत ठेवला, एक कपाटात. आठवड्याने कपाटातली रोपं जास्त उंच झाली होती, पण पिवळट, बारीक आणि वाकलेली. खिडकीतली बुटकी, हिरवी आणि ताठ. उजेड न मिळाल्यावर रोप उजेड शोधत लांबत जातं, हे मुलांनी पट्टीने मोजून पाहिलं. घरी विचारा: कपाटातलं रोप उंच असूनही अशक्त का?"

एवढ्यात वर्ग दिसतो. "उत्साहाने सहभाग" मधून काहीही दिसत नाही आणि आठही वर्गांना तेच वाक्य लागू पडतं.

आता नावं. मला यातली ही सगळ्यात नाजूक बाब वाटते. नाव टंकताना हजेरीपट समोर हवा, आठवणीवर अवलंबून राहू नका. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं आणि आडनावं यांत चूक झाली की बाकीचं वार्तापत्र कितीही चांगलं असो, त्या घरात तेवढीच चूक लक्षात राहते. तपासताना दोघांनी बसावं: एकाने हजेरीपटावरून मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर खूण करावी. पडद्यावर वाचताना मात्रा आणि अनुस्वार निसटतात.

बक्षिसांची यादी छापताना एक तक्ता ठेवा: उभ्या रांगेत वर्गातली मुलं, आडव्या रांगेत वार्तापत्राचे वर्षभरातले अंक. ज्याचं नाव आलं त्याच्यापुढे खूण. वर्ष संपायला आलं की कोणाच्या ओळी रिकाम्या आहेत ते लगेच दिसतं. या मुलांनीही काही ना काही केलेलं असतं: झाडांना रोज पाणी घातलेलं असतं, नव्या मुलाला वर्ग दाखवलेला असतो, फळा पुसण्याची पाळी सांभाळलेली असते. ते शोधून लिहा. प्राथमिकच्या मुलाला आपलं नाव छापलेलं पाहण्यात जे मिळतं, ते पहिल्या तिघांपुरतं ठेवण्याचं कारण नाही.

मनोगत १०० शब्दांत बसवा आणि पहिल्या पानावरून हलवा. मुख्याध्यापकांना तसं सांगणं अवघड जात असेल, तर पहिल्या पानावर तारखांची चौकट आणि तिच्याखाली मनोगत, अशी तडजोड निघते.

आठ_वर्ग

दोघांचेही आभार. तीन प्रश्नांचा कागद उद्याच वाटते. फोटोंबद्दल अजून एक: ज्या मुलांच्या पालकांची परवानगी नाही, त्यांच्या चेहऱ्यावर वर्डमध्ये गोल किंवा हसरं चित्र ठेवलं जातं. ते पुरेसं आहे का?

दृश्यविभाग

नाही. वर्डमध्ये फोटोवर ठेवलेलं चित्र हा वेगळा थर असतो. फाइल ज्याच्या हाती जाईल तो एका टिचकीत ते बाजूला सरकवू शकतो. फोटो वर्डमध्ये कापला तरी कापलेला भाग फाइलमध्येच राहतो. "कॉम्प्रेस पिक्चर्स" मध्ये जाऊन कापलेला भाग काढून टाकण्याचा पर्याय निवडावा लागतो. पीडीएफमध्ये नावांवर काळी पट्टी ओढली तरी खालची अक्षरं निवडून नक्कल करता येतात. म्हणून चेहरा झाकणं किंवा कापणं हे फोटो वर्डमध्ये घेण्याआधी, फोटोच्याच ॲपमध्ये करा आणि नवी प्रत साठवून तीच वापरा.

त्याहून बरं म्हणजे झाकायची वेळच येऊ देऊ नका. एका मुलाच्या चेहऱ्यावर गोल ठेवला की सगळ्यांची नजर तिथेच जाते आणि त्या मुलालाही ते लागतं. हात, काम, वही, पाठमोरा गट असे फोटो घ्या. रोपं मोजणाऱ्या हातांचा जवळून घेतलेला फोटो ३० चेहऱ्यांच्या गटफोटोपेक्षा जास्त सांगतो.

परवानगीची यादी वर्गवार आणि ताजी हवी. शाळेपुरतं छापणं, पालकांच्या गटावर टाकणं आणि सर्वांना दिसेल अशा संकेतस्थळावर ठेवणं या तीन वेगळ्या परवानग्या आहेत. छापण्याला होकार म्हणजे संकेतस्थळाला होकार नव्हे. चेहरा आणि पूर्ण नाव एकत्र देऊ नका: फोटोखाली "तिसरीची मुलं" पुरे.

मागची भिंत नीट पाहा. फळ्यावर गैरहजर मुलांची नावं, दाराशी ॲलर्जी असलेल्या मुलांची यादी, गळ्यातली ओळखपत्रं. लहान पडद्यावर दिसत नाही, मोठं केलं की वाचता येतं. फाइलच्या नावात मुलाचं नाव राहू देऊ नका. आणि मूळ फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो कुठे काढला याची नोंदही सोबत जाऊ शकते, ती आधी काढा.

आकाराबद्दल थोडक्यात: फोनवर पाहण्यासाठी १२०० पिक्सेल रुंदी भरपूर झाली. तेवढ्यावर आणले तर चार पानी पीडीएफ साधारण २ एमबीच्या आत राहते. कागदावर ९ सेंटिमीटर रुंद आणि ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवा असेल तर सुमारे १०६० पिक्सेल लागतात, म्हणजे तोच फोटो छपाईलाही चालतो. फक्त व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेली प्रत घेऊ नका, ती आधीच दाबलेली असते. शिक्षकांकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

घडी_आणि_छपाई

पानं मागेपुढे होण्याचं कारण जुळणी, म्हणजे मोठ्या कागदावर कोणतं पान कुठे छापायचं तो क्रम. चार पानांसाठी ए-३ चा एकच कागद लागतो: बाहेरच्या बाजूला डावीकडे ४, उजवीकडे १, आतल्या बाजूला २ आणि ३. आठ पानं असतील तर दोन कागद. पहिल्याच्या बाहेर ८-१, आत २-७. दुसऱ्याच्या बाहेर ६-३, आत ४-५. समोरासमोरच्या पानांची बेरीज नेहमी एकूण पानांपेक्षा एकने जास्त येते, त्यावरून चटकन तपासता येतं. पानं चारच्या पटीतच हवीत. पाच पानांचा मजकूर झाला तर एक पान कापा, तीन कोरी सोडू नका.

छपाईच्या चौकटीत "बुकलेट" निवडलं की जुळणी आपोआप होते. दोन्ही बाजूंना छापताना कागद आखूड कडेवर उलटायचा पर्याय निवडा. लांब कडेवर ठेवला तर आतली बाजू उलटी छापली जाते. आधी एकच प्रत काढून घडी घालून पाहा.

चारही बाजूंना निदान १० मिलिमीटर समास सोडा, बरीचशी यंत्रं कडेपर्यंत छापत नाहीत. ८० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) कागदावर मोठे गडद फोटो मागच्या बाजूला दिसतात, तेव्हा फोटो लहान ठेवा किंवा ९० ते १०० जीएसएम घ्या. काळ्या-पांढऱ्या छपाईत रंगीत चौकटीवरची अक्षरं दिसेनाशी होतात. तारखांची चौकट पांढऱ्यावर काळी, जाड कडेची करा.

देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. कागदावर १२ ते १३ पॉइंट आणि ओळींत १.४ पट अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना चिकटतात. मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी दोन्ही चांगले आणि दोन्ही युनिकोड आहेत, म्हणजे त्यातली अक्षरं कुठल्याही फोनवर वा संगणकावर तशीच दिसतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे चिकटवला की अक्षरांचा नुसता गोंधळ होतो आणि पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं ॲप) वापरणाऱ्या पालकांना तो ऐकताही येत नाही. याच कारणाने छापलेल्या कागदाचं स्कॅन पाठवू नका, फाइलमधूनच थेट पीडीएफ करा.

प्रती मोजताना मुलं मोजू नका, घरं मोजा. भावंडांपैकी सर्वांत धाकट्याच्या वर्गात प्रत द्यायची असं ठरवलं की दुबार जात नाही.

शाळा_कार्यालय

राहिलेल्या दोन गोष्टी. शाळा सोडून जाणाऱ्या शिक्षकांची बातमी त्यांच्या संमतीनेच द्या आणि त्यांच्या वर्गातल्या पालकांना ती वार्तापत्राच्या आधी, वेगळी कळली पाहिजे. नव्या वर्गाच्या याद्या तर वार्तापत्रात नकोतच, शेवटच्या क्षणी बदलतात.

आठ_वर्ग

हे सगळं पकडून नियोजन करते. शेवटचा प्रश्न: गटाऐवजी ब्रॉडकास्ट यादीने, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला स्वतंत्र जाईल असा, पाठवलं तर निरोप गप्पांखाली बुडणार नाही. ते बरं का?

शाळा_कार्यालय

ब्रॉडकास्टचा निरोप फक्त त्यांनाच पोचतो ज्यांच्या फोनमध्ये शाळेचा क्रमांक जतन केलेला आहे. बाकीच्यांना काहीच जात नाही आणि पाठवणाऱ्याला ते कळतही नाही. एका यादीत २५६ क्रमांकांची मर्यादाही आहे. आई-वडील दोघांचे धरले तर २४० मुलांना एक यादी पुरणार नाही. त्यापेक्षा प्रत्येक वर्गाचा फक्त सूचनांचा वेगळा गट करा आणि लिहिण्याची परवानगी फक्त ॲडमिनला ठेवा. तारखांच्या चार ओळी निरोपातच टंकून द्या, त्याखाली पीडीएफ. ज्यांना वाचणं जड जातं त्यांच्यासाठी त्याच चार ओळी आणि पालकांनी करायच्या गोष्टी एका मिनिटाच्या आवाजी निरोपात सावकाश बोलून टाका. तारखा त्यात दोनदा सांगा.