उधारीचं काय करायचं?

पावसाळ्यात खर्च आवळा आणि कर्जाच्या वाटेला जाऊ नका, हे म्हापशाच्या भाऊंचं म्हणणं. पहिलं मान्य. पण आमच्यासारख्यांना खर्चापेक्षा उधारी मारते. गोव्यात डिचोलीला आमचं काजूचं छोटं युनिट आहे. कच्ची बी मार्च ते मे रोख मोजून घ्यायची, आणि सीझन संपला की हॉटेलवाले म्हणणार, "चतुर्थीनंतर बघूया." वहीत नफा, गल्ल्यात खडखडाट!

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती करून नंबर बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याने सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचं बिल १५ दिवसांत चुकतं करायचं असतं. लेखी करार असला तरी ४५ च्या पुढे नाही. शिवाय २०२३ च्या अर्थसंकल्पापासून, मुदत उलटून ३१ मार्चनंतरही थकलेलं बिल माल घेणाऱ्याला आयकरासाठी त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. (नुसत्या व्यापाऱ्याला हा फायदा नाही.) मार्च उजाडला की मालकाला नव्हे, त्यांच्या अकाउंटंटला फोन करा. तो लगेच हलतो.

एकाच गिऱ्हाईकावर विसंबणं तर नकोच. २०१२ ला आणि पुन्हा २०१८ ला खाणी थांबल्या तेव्हा इथले ट्रक, गॅरेज, चहाचे गाडे सगळेच बसले.

कर्जाबाबत मात्र माझं उलट मत. कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेतून लागेल तशी रक्कम उचलायच्या सोयीची, मर्यादा धंदा बरा चालतो तेव्हाच मंजूर करून घ्यावी. व्याज वापरलेल्या रकमेवरच लागतं. हात आखडल्यावर गेलात तर मॅनेजर आधी मागच्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागतो.