एटीव्हीचा इंधनपंप गरम झाल्यावर गप्प होतो : दोष रिलेचा की पंपाचा?

वाळपईहून, प्रश्न

नमस्कार. कुळागरातून सुपारी, नारळ आणि खताची पोती वाहण्यासाठी आम्ही इंधन-इंजेक्शन असलेली एक जुनी एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणारी चारचाकी गाडी, वापरतो. गेला पंधरवडाभर ती सकाळी लगेच सुरू होते, पण चढावर अर्धा तास काम केले की अचानक बंद पडते, आणि वीस-पंचवीस मिनिटे सावलीत उभी केली की पुन्हा व्यवस्थित चालू लागते. बंद पडल्यावर किल्ली फिरवली तर सेल्फ जोरात फिरतो, परंतु एरवी किल्ली दिल्याबरोबर टाकीतून दोन-तीन सेकंद येणारा पंपाचा आवाज येत नाही. फ्यूज काढून पाहिला, तो शाबूत आहे. गॅरेजमध्ये संपूर्ण पंपच बदलायला सांगितले आहे. तो बाहेरून मागवावा लागेल आणि त्याचा खर्च आम्हांला जड आहे. तो करण्याआधी रिले, म्हणजे पंपाचा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत-स्विच, निर्दोष आहे की नाही, हे घरच्या घरी कसे ठरवावे? माझ्याजवळ साधा मल्टिमीटर आहे.

म्हापशाहून, उत्तर

आपण पंप मागवण्याची घाई केली नाहीत, हे योग्य केलेत. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, हे लक्षण पंपाचेही असू शकते आणि रिलेचेही, त्यामुळे केवळ लक्षणावरून निर्णय देता येत नाही.

रिलेच्या तळाशी बहुधा ३०, ८७, ८५ आणि ८६ असे आकडे कोरलेले असतात. ३० वर बॅटरीचा पुरवठा फ्यूजमधून येतो, ८७ वरून तो पंपाकडे जातो, आणि ८५ व ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोके असतात. किल्ली दिली की कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, कॉइलचे एक टोक अर्थला, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूला, जोडते, कॉइल चुंबक बनते आणि ३० व ८७ जोडले जातात. इंजिन फिरत नसेल तर दोन-तीन सेकंदांनी कंट्रोल युनिट ही जोडणी स्वतःच तोडते. म्हणून मोजमाप त्या दोन-तीन सेकंदांतच करावे लागते. किल्ली फिरवायला सोबत कोणी तरी घ्या.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी बंद पडलेली असतानाच तपासा, कारण थंड झालेला रिले सगळ्या परीक्षा उत्तीर्ण होतो. रिलेवर बोट ठेवून किल्ली फिरवायला सांगा. ‘टक्’ असा धक्का बोटाला जाणवला नाही, तर ८५ आणि ८६ यांमध्ये त्या क्षणी सुमारे १२ व्होल्ट येतात का ते पाहा. येत असूनही धक्का नसेल तर कॉइल तुटली आहे किंवा तिचा आतला झाळ निखळला आहे. रिले काढून त्या दोन टोकांमधला रोध मोजलात, तर अशा १२ व्होल्टच्या रिलेत तो साधारण ५० ते १२० ओहम यायला हवा. मात्र तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, तेव्हा थंडपणी ८० ओहम दाखवणारी कॉइल ५० अंशांनी तापल्यावर ९६ ओहमच्या आसपास दाखवील. तो बिघाड समजू नका.

धक्का जाणवला म्हणजे रिले चांगला, असे मात्र मानू नका. धक्का फक्त कॉइल काम करते एवढेच सांगतो. जळालेल्या संपर्कबिंदूंतून प्रवाह जातो की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी आधी ३० आणि चासी (गाडीचा सांगाडा) यांमध्ये बॅटरीइतके व्होल्ट आहेत याची खात्री करा. मग रिले सॉकेटमध्येच ठेवून, खालून बारीक टाचण्या लावून, ३० आणि ८७ यांमध्ये मीटर धरा व किल्ली फिरवायला सांगा. धक्का बसूनही मीटर जवळजवळ पूर्ण १२ व्होल्टच दाखवत असेल तर संपर्क जुळत नाही, आणि पंपापासून अर्थपर्यंतचा मार्ग अखंड आहे, हेही त्याच आकड्यावरून कळते. उलट मीटर शून्याजवळ गेले आणि पंप तरीही गप्प राहिला, तर रिलेला सोडा. दोष पंपात, त्याच्या वायरीत किंवा अर्थमध्ये आहे.

३० आणि ८७ जोडून पंप चालतो का, हे पाहायचे असल्यास फ्यूज असलेलीच वायर वापरा आणि तीही काही सेकंदच. तशी वायर जोडून गाडी चालवू नका. इंजिन बंद पडताच पंप थांबवणारी सोय त्यामुळे निकामी होते, आणि चढावर गाडी कलंडली तर पेट्रोल वाहत राहील.

पेडण्याहून, उत्तर

वरील विवेचन अचूक आहे. मी त्यात सॉकेटची भर घालतो, कारण आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि किनाऱ्याकडच्या भागात खारी हवा त्याच्या जोडीला असते. सॉकेटमधली, रिलेचा पाय पकडणारी धातूची पत्ती हिरवट पडली किंवा सैल झाली, की तिथेच रोध वाढून उष्णता निर्माण होते, ती रिलेच्या पायातून आत जाते आणि नवा रिलेसुद्धा काही महिन्यांत जळतो. रिले काढताना तो सहज हातात आला तर संशय घ्या. प्लास्टिक तपकिरी झाले असल्यास पत्ती घासून उपयोग नाही, वायरीच्या तुकड्यासह नवी पत्ती बसवावी. गाडी प्रेशरने धुताना तिथे फवारा मारू नये, हेही सांगून ठेवतो.

वाळपईहून

आज दुपारी गाडी बंद पडताच तपासणी केली. धक्का स्पष्ट जाणवला, ८५ आणि ८६ यांमध्ये १२.१ व्होल्ट होते, आणि ३० व ८७ यांमध्ये १२.२. रेडिएटरच्या पंख्याचा रिले आकड्यांनी आणि आकृतीने तसाच होता, तो तिथे बसवला आणि पंप लगेच चालला. जुन्या रिलेचे आवरण उघडले तेव्हा एक संपर्कबिंदू काळा पडून खड्डा झालेला दिसला. ८७ ची पत्तीही सैल आहे. आता नवा रिले घेताना काय पाहू?

म्हापशाहून

पंख्याचा रिले आधी परत जागेवर बसवा. इंजिन तापू देऊ नका. नव्यावर १२ व्होल्ट आणि जुन्याइतकेच किंवा थोडे जास्त अँपिअर लिहिलेले असावेत. अंगावरच्या आकृतीत कॉइलला समांतर डायोड दाखवला असेल तर तसाच घ्या, कारण कॉइल बंद होताना उसळणारा विद्युतदाब तो शोषून घेतो आणि कंट्रोल युनिट वाचते. मात्र अशा रिलेत ८५ आणि ८६ उलट जोडून चालत नाही. पत्ती बदलण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढा. बसवल्यावर पंप चालू असताना ३० आणि ८७ यांमध्ये पुन्हा मोजा, ०.२ व्होल्टपेक्षा कमी यायला हवे.

पंप किती प्रवाह ओढतो, तेही एकदा पाहा. फ्यूजच्या जागी मीटर १० अँपिअरवर लावून मोजता येतो. गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा तो बराच जास्त निघाला, तर गाळणी तुंबली आहे का ते बघावे लागेल.

वाळपईहून

पत्ती आणि रिले दोन्ही बदलले. ३० आणि ८७ यांमध्ये आता ०.०८ व्होल्ट येतात, आणि पंपाचा प्रवाह पुस्तिकेच्या मर्यादेत आहे. आज सलग दोन तास पोती वाहिली, गाडी एकदाही थांबली नाही. चतुर्थीनंतर हाच आकडा पुन्हा मोजून इथे लिहीन.